सुंठीच्या खणातला ‘रन’

“सर, तुम्ही आयुष्यात एकदा तरी एखाद्या परदेशी माणसाशी इंग्रजीत बोलला आहात का?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि वर्ग चिडीचूप झाला. वेनयिनला वाटलं होतं, निदान मागच्या बाकावर खसखस तरी पिकेल. पण तिला डिवचणाऱ्या पेइपेइ आणि रुओनान आता पुस्तकात अशा डोकं खुपसून बसल्या होत्या, जणू या मुलीला त्या ओळखतच नाहीत.

पैज साधी होती. काळ्या साबुदाण्याच्या गोळ्या घातलेल्या थंडगार चहाचे दोन मोठे ग्लास. “तू तर चाललीच आहेस शहरात,” पेइपेइ म्हणाली होती, “तुझं काय वाकडं होणार? आम्हाला अजून दोन वर्षं लुओ सरांच्या ‘सँक्यू’छाप इंग्रजीवर काढायची आहेत. विचार ना! का फाटली?”

असं म्हटल्यावर वेनयिन मागे हटणं शक्यच नव्हतं. वर्षभरापूर्वीची गोष्ट वेगळी. तेव्हा हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा तिचा आवाज घशात अडकायचा. मग मार्चमध्ये शाळेच्या इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेसाठी वर्गातून चिठ्ठी टाकली, ती नेमकी तिच्या नावाची निघाली, आणि रडत रडत उभी राहिलेली ही मुलगी चक्क पहिली आली. त्या दिवसापासून गावातली कुठलीही गोष्ट तिला अवघड वाटेनाशी झाली होती. तिच्या आईने, जी कधी कोणाकडे काही मागायला गेली नव्हती, चार ठिकाणी शब्द टाकून शहरातल्या मोठ्या शाळेत तिच्यासाठी जागा मिळवली होती. येत्या रविवारी संध्याकाळपर्यंत ‘येतो’ की ‘येत नाही’ ते कळवायचं, एवढंच राहिलं होतं. आणि ‘येत नाही’ कोण म्हणणार होतं?

लुओ सरांनी खडू ठेवला, बोटं झटकली. सत्तावन्न वर्षांचा, उन्हाने रापलेला, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यातला हा माणूस दुरून बघणाऱ्याला मोज्यांच्या गोदामातला हमाल वाटला असता.

“बोललो नाही,” ते म्हणाले. “एक इटालियन माणूस माझ्याशी दोन दिवस बोलला. मी मान हलवली.”

आता मात्र वर्ग फुटला.

“हसा, हसा. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. गावात मोजे विणणारी पहिली इटालियन मशीनं आली, त्यातलं एक चालेना. तिकडून कारागीर आला. अख्ख्या गावात इंग्रजी येणारा मी एकटा, म्हणून मालकाने मला बोलावलं. तो कारागीर हात वर करून म्हणाला, इट वोन्ट रन. तुम्ही सगळे सकाळी ओरडता ना, ‘रन, पळणे, रन, पळणे’, तसंच मीही पाठ केलं होतं. मी मालकाला सांगितलं, साहेब म्हणतायत, ते पळून जाणार नाहीत.”

पेइपेइचं डोकं पुस्तकातून वर आलं.

“मालक घाबरला. म्हणाला, त्यांना सांग, आम्ही कोणालाही कोंडून ठेवत नाही, फाटक उघडंच आहे. मी ते फाटक दाखवलं. साहेबाला वाटलं, त्याला हाकलतोय. तो पिशवी उचलून निघाला.” सरांनी खडू पुन्हा उचलला. “मालकाने त्याला हात धरून परत आणलं, पुढचं त्याने मशीनशीच बोलून निस्तरलं. मी दोन दिवस मान हलवत उभा होतो. झालं समाधान?”

हसता हसता वेनयिनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण एवढ्यावर बसेल तर ती वेनयिन कसली. “मग आता, सर? आता ‘रन’ येतो?”

सर रागावले नाहीत. तिच्याकडे त्यांनी नवीन मशीनकडे कारागीर बघतो तसं बघितलं.

“तास संपला की कपाटाकडे ये,” ते म्हणाले.

ते कपाट इंग्रजी शिक्षकांच्या खोलीत, जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात होतं. सगळ्यांना माहीत होतं, पण वेनयिनच्या वर्गातल्या कोणी कधी नीट पाहिलं नव्हतं. सरांचे वडील काढ्याची औषधं विकत. त्यांच्या दुकानातलं हे एकशेवीस खणांचं कपाट दुकान बंद झाल्यावर सरांनी ढकलगाडीवर घालून शाळेत आणलेलं. प्रत्येक खणावर अजून औषधाचं नाव होतं आणि खण ओढला की अजूनही वास येत होता. ज्येष्ठमधाच्या खणात ‘टेक’. संत्र्याच्या वाळक्या सालीच्या खणात ‘सेट’. सर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी खालच्या ओळीतला सुंठीचा खण ओढला.

“रन. हा एका खणात मावत नाही. शेजारचे दोन याचेच.”

आत पुठ्ठे होते. मोज्याची जोडी दुकानात ताठ दिसावी म्हणून आत पायाच्या आकाराचा पुठ्ठा घालतात ना, तेच. वेनयिनच्या घरी पोत्याने पडलेले असत. प्रत्येकावर बारीक अक्षरात एक इंग्रजी वाक्य, खाली त्याचा अर्थ, आणि सगळ्यात खाली कोणी, कुठे पाहिलं ते.

तिने एक उचलला. मशीनच्या माहितीपुस्तकातलं वाक्य: इथे रन म्हणजे चालणं. दुसरा: परत आलेल्या खोक्यातल्या तक्रारीच्या चिठ्ठीवरून, लाल मोज्यांचा रंग ‘रन’ झाला, म्हणजे पाण्यात उतरला, गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या चादरी गुलाबी. तिसरा: बायकांच्या झिरझिरीत लांब मोज्यांच्या पाकिटावरून, एक टाका सुटला की वरपासून खालपर्यंत उसवत जाणारी रेघ, तीही रन. दहा हजार जोड्यांची एका दमात काढलेली खेप, तीही रन. धागा संपतो तेव्हा रन आउट. कोणाच्या तरी काकांनी परदेशातून पाठवलेल्या औषधाच्या डबीवर वाहणारं नाक. मशीनचे सुटे भाग गुंडाळून आलेल्या चुरगळलेल्या वर्तमानपत्रात कुठल्या तरी गावच्या महापौरपदाला उभी राहिलेली बाई.

“हे सगळं कोणी आणलं?”

“तुमच्यासारख्यांनी. तेहेतीस वर्षं. मी फक्त लिहून घेतलं.”

वेनयिनने पटकन पुठ्ठा खाली ठेवला. आवडलं होतं तिला, पण इतक्यात कबूल करायचं नव्हतं. “सर, हे तर आता मोबाइलमध्ये एका सेकंदात मिळतं. पाच-पन्नास अर्थ.”

“मिळतं. मग तू मला एक आणून दे.” सर उठले, गुडघे कडकड वाजले. “यात नसलेला. पण शब्दकोशातून उतरवलेला नको, या गावात तू स्वतः पाहिलेला हवा. कोणीतरी खरोखर कोणाला तरी काही सांगायला लिहिलेला. शनिवार दुपारपर्यंत. आणलास, तर मी स्वतः तुझ्या आईला फोन करून सांगतो, की तुमची मुलगी या शाळेत मावत नाही, डोळे मिटून पाठवा शहरात.”

“आणि नाही आणला तर?”

“तर काय? तरी तू जाणारच आहेस म्हणे.”

हे त्यांना कोणी सांगितलं, हे विचारायचंही तिला सुचलं नाही.

पुढचे तीन दिवस वेनयिनने गावाचा जीव खाल्ला. शाळा सुटली की सायकल दामटत ती मोज्यांच्या बाजारात. खोकी वाच, पिशव्या वाच, टेम्पोच्या पाठी वाच. बुधवारी तिने बाजारातल्या शीतपेयाच्या यंत्रावरून एक आणला. तो दोन नंबरच्या खणात होता, कोणा मुलाने बारा वर्षांपूर्वी आणलेला. गुरुवारी तीन आणले. तिन्ही होते. एक तर तिच्याच घरमालकिणीने शाळेत असताना आणलेला निघाला. सर प्रत्येक वेळी नेमका पुठ्ठा काढून तिच्या हातात देत आणि अजिबात हसत नसत, हेच जास्त झोंबायचं.

“ए, हे चहाचे ग्लास आता तूच आम्हाला दे,” रुओनान म्हणाली. “तुझं भूत उतरव आधी. वेडी झालीयस. काल तू माझ्या टिफिनचा तळ वाचत होतीस.”

“त्यावर इंग्रजी होतं!”

“त्यावर ‘मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका’ होतं.”

शुक्रवारी ती घरी आली तेव्हा तळमजल्यावरची आठही मशीनं खडखडत होती. बाबा एका मशीनच्या पोटात डोकं घालून होते. आई जेवणाच्या टेबलावर जोड्या लावत होती, पुठ्ठा घाल, पाकिटात सरकव, पुठ्ठा घाल, पाकिटात सरकव. तिचा हात भाताचा कुकर बघायला उठतानासुद्धा थांबत नसे.

“आलीस? बॅग ठेव आणि तेवढ्या परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी बघ,” ती म्हणाली. “तुझ्या बाबांनी आठवडाभर हात लावलेला नाही.”

“हात लावला होता!” बाबा मशीनमधून ओरडले. “फोनला चिनीत करायला सांगितलं. तो म्हणतो, ‘हे मोजे लहान पळतात.’ आता मोजे लहान पळतात की मोठे, मी काय करू? पळू देत की!”

“आणि आपल्या ऑनलाइन दुकानाला पाचातले तीनच तारे पडलेत, ते?”

वेनयिनने बॅग टाकली आणि फोन हिसकावलाच. एक नाही, चौदा जणांनी तेच लिहिलं होतं. रन स्मॉल. एकीने फोटोही लावला होता: करड्या रंगाचा मोजा, आणि टाचेसाठी विणलेला गडद गोल टाचेवर न बसता पुढे, तळव्याखाली ओढला गेलेला. दुसऱ्याने लिहिलं होतं, छान आहेत, पण रन स्मॉल, एक माप वरचं घ्या.

ती बराच वेळ त्या टाचेकडे बघत राहिली. मग किंचाळली.

आईच्या हातातली जोडी पडली. “काय झालं?”

“बाबा, मोजे मापाला लहान येतायत! पाकिटावर जे माप लिहिलंय त्यापेक्षा लहान! एखादा माणूस म्हणाला, यांच्याकडचे मोजे लहानच येतात बुवा, तसं. सगळीच खेप!”

बाबा मशीनमधून बाहेर आले, कपाळाला ग्रीस. त्यांनी फोटो पाहिला, मोठा केला, परत पाहिला. “नवीन धागा,” ते हळूच म्हणाले. “धुतल्यावर आखडतोय तो. तरीच.” आणि मग, “कोणी शिकवलं तुला हे?”

“कोणीच नाही!” म्हणताना तिला स्वतःलाच ते थोडं खोटं वाटलं. चार दिवसांपूर्वी ती असा फोटो बघत बसली असती का?

पार्सलवर पत्ते चिकटवायच्या छोट्या प्रिंटरवर तिने ती चौदातली सगळ्यात स्पष्ट तक्रार छापली आणि टेबलावरचा एक पुठ्ठा उचलला.

शनिवारी चौथ्या तासानंतर ती कपाटाजवळ उभी राहिली तेव्हा पेइपेइ आणि रुओनान खिडकीबाहेर लटकत होत्या. तिने पुठ्ठा पुढे केला.

सरांनी चष्मा वर केला, वाचलं. चष्मा खाली केला, परत वाचलं. मग त्यांनी सुंठीचा खण पूर्ण बाहेर काढून टेबलावर ठेवला. शेजारचा काढला. तिसरा काढला. एकेक पुठ्ठा उलटताना त्यांचे ओठ हलत होते. बाहेर कोणीतरी बास्केटबॉल आपटत होतं. ‘असेल, असणारच’, वेनयिनच्या मनाने घोकायला सुरुवात केली.

“नाही,” सर म्हणाले.

“नाही चालणार? सर, हे मोबाइलवरचं आहे, पण ते आमच्याच मोज्यांबद्दल—”

“यात नाही, म्हणतोय. माझ्याकडे नाही!” आणि सत्तावन्न वर्षांचा तो माणूस असा उजळला, जणू त्याला कोणी सकाळी सकाळी बागेतलं पहिलं पिकलेलं फळ आणून दिलं असावं. “थांब. बस. खुर्ची घे. मला नीट सांग.”

ते बेसिनवर गेले, साबणाने हात धुऊन आले, सदऱ्याला पुसले. वही उघडली. आणि प्रश्नांचा मारा सुरू झाला. मोजे लहान येतात तेव्हा रन स्मॉल, मग मोठे आले तर? बूटही असेच ‘रन’ करतात का, टोपी? एकच मोजा लहान असला तर म्हणता येईल, की सगळी खेप असावी लागते? तू कशावरून ओळखलंस? फोटोवरून? कुठे बघितलंस फोटोत? टाच! अरे वा, टाच! वेनयिनला निम्म्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. तिने ‘माहीत नाही’ म्हटलं की सर खूश होऊन त्या प्रश्नापुढे फुली मारत. “हे शोधायचं राहिलं,” म्हणत. पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा नवीन धडा सुरू झाल्यावर जसा पुढे सरसावून बसतो, तसे ते खुर्चीच्या कडेवर आले होते.

तिला शहरातल्या शाळेतला तास आठवला. मे महिन्यात आई तिला एक दिवस तिथे बसवून आली होती. इंग्लंडहून शिकून आलेल्या बाई, काय तो उच्चार, काचेसारखा! फळ्यावर त्यांनी एक शब्द लिहिला, खाली सात अर्थ, आणि म्हणाल्या, परीक्षेला एवढे पुरेत, पुढे चला. वेनयिन तेव्हा भारावून गेली होती. अजूनही तो उच्चार आठवला की तिला हेवा वाटत होता. पण त्या बाईंना कोणी आठवा अर्थ आणून दिला असता, तर त्यांनी हात धुतले असते का?

सरांनी तिचाच पुठ्ठा घेतला, त्यावरचा छापील तुकडा काढून सरळ रेषेत चिकटवला, खाली आपल्या त्या सुबक अक्षरात अर्थ लिहिला. सगळ्यात खाली: लौ वेनयिन, पहिले वर्ष, वर्ग सहा. घरच्या मोज्यांवरील तक्रार.

“आता शब्द दिलाय तर पाळतो,” ते म्हणाले आणि फोनकडे हात नेला. आवाज नेहमीसारखाच होता. “तुझ्या आईचा नंबर आहे माझ्याकडे. माझीच विद्यार्थिनी होती. हुशार होती, पण सोळाव्या वर्षी मशीनवर बसली. तिला सांगतो, पाठवा.”

“थांबा, सर!”

ती इतक्या जोरात ओरडली की खिडकीतली रुओनान खाली पडता पडता वाचली.

“का?”

“मी... मी घरी बोलते. तुम्ही नका बोलू.”

“बरं,” सर म्हणाले आणि खण परत कपाटात सरकवू लागले. तिसरा नीट बसेना, पुठ्ठे जास्त झाले होते. “आता चौथा खण लागणार याला,” ते स्वतःशीच पुटपुटले, एखाद्याच्या घरी पाळणा हलल्याची बातमी द्यावी तसे.

फाटकाबाहेर पेइपेइने तिचा दंड धरला. “जिंकलीस ना तू? मग तोंड का असं?”

“कारण मला जायचं नाहीये.”

“कुठे?”

“शहरात.”

पेइपेइने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. “रुओनान, हिला खरंच ताप आहे. अगं, तिथे जिमखान्यात पोहायचा तलाव आहे!”

“माहितीये गं.” आणि तलाव आठवून तिला क्षणभर खरंच वाईट वाटलं.

रविवारी संध्याकाळी बाबांनी मशीनं बंद केली. तसं ते कधी करत नसत. आईने वाळवलेल्या मोहरीच्या पाल्यात शिजवलेलं मांस केलं होतं, टोफूचं सार होतं, आणि टेबलाच्या कडेला आईचा फोन ठेवलेला, शहरातल्या शाळेचा नंबर वर काढून. वेनयिन भाताच्या वाडग्यात जेवायच्या काड्या फिरवत बसली.

“खा ना,” बाबा म्हणाले. “तिथे असलं मिळणार नाही.”

“काल शाळेत काय झालं म्हणे?” आईने विचारलं. “पेइपेइची आई बाजारात सांगत होती, लुओ सरांना तू हरवलंस.”

“हरवलं वगैरे नाही. त्यांच्याकडे नव्हता असा एक पुठ्ठा दिला.”

आईच्या काड्या थांबल्या. जोड्या लावताना न थांबणारा तो हात चक्क थांबला. “मलाही सांगायचे,” ती म्हणाली. “आण, काहीतरी आण, डोळे उघडे ठेव. मला कधी मिळालाच नाही. जे न्यायची ते त्यांच्याकडे असायचंच. आणि मग शाळाच...” तिने मांसाचा चांगला तुकडा उचलून मुलीच्या वाडग्यात ठेवला. “तुझं नाव लिहिलं का त्यांनी?”

“लिहिलं.”

“अक्षर अजून तसंच आहे?”

“तसंच म्हणजे कसं?”

“छापल्यासारखं.”

वेनयिनने वाडगा खाली ठेवला. मार्चमध्येही ती अशीच मंचावर चढली होती. तेव्हा पाठ केलेलं भाषण होतं. आत्ता काहीच पाठ नव्हतं. बाबा तिच्याकडे बघत होते, आई फोनकडे.

“आई, बाबा, मला काहीतरी सांगायचंय, आणि मधे बोलू नका, नाहीतर मी अडकेन. आई, तू त्या जागेसाठी किती जणांकडे गेलीस ते मला माहितीये. तू चिडशील, चीड. दोन दिवस बोलू नकोस माझ्याशी, चालेल. तिथे गेले तर मला मार्क जास्त पडतील, असंही असेल, मी खोटं नाही बोलणार. पण इथे एक माणूस आहे, ज्याला माझ्याकडून काही शिकायला मिळालं तर तो हात धुऊन बसतो. त्याच्याकडे अजून शंभरावर खण आहेत आणि तो आता फक्त तीन वर्षं आहे शाळेत, मग निवृत्त. मी शहरात जाणार नाही. मी इथेच, लुओ सरांकडे शिकणार. त्या शाळेला फोन तू करू नकोस, आई. मी करते. आत्ताच.”